दीड झांजिबार

आमच्या घरात सध्या कोणालाही प्रश्न पूर्ण विचारता येत नाही. "सगळ्यांत आधी कोण जाणार—" एवढंच बायको स्वयंपाकघरातून म्हणते. 'आंघोळीला' हा पुढचा शब्द तिच्या तोंडून निघायच्या आत बाहेरच्या खोलीत टिंग असा आवाज होतो आणि पाठोपाठ उत्तर येतं, "युरी गागारिन! १२ एप्रिल १९६१!" चिरंजीव सातवीत आहेत. गागारिन १०८ मिनिटांत अंतराळात जाऊन परत आला. चिरंजिवांना सोफ्यापासून बाथरूमपर्यंत पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो.

"एकसष्ट?" आई जपमाळ थांबवून विचारते. "एकसष्ट साली पानशेत फुटलं. जुलैत. तेव्हा आम्ही नारायण पेठेत—"

"आजी, ते आमच्याकडे येत नाही. आमचा विषय जगाचा इतिहास आहे."

"म्हणजे पुणं जगात नाही?"

पुण्यात जन्मलेल्या बाईला हा प्रश्न स्वतःच्या नातवाला विचारावा लागला, यावरून परिस्थिती किती बिघडली आहे ते कळेल. "तुझा तो गागारिन वर गेला, तसे आम्हीही वर गेलो होतो," आई म्हणाली. "गच्चीवर. पाणी ओसरेपर्यंत खाली आलो नाही. आमचं कुठे नाव आलं?"

हे सगळं सुरू झालं ते शाळेच्या एका नम्र विनंतीमुळे. आंतरशालेय प्रश्नमंजुषा, गट सहावी ते आठवी, विषय 'जगाचा इतिहास'. बाईंनी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक अवाढव्य पीडीएफ टाकली आणि खाली लिहिलं, 'पालकांनी घरी रोज सराव करून घ्यावा, ही नम्र विनंती.' शाळेच्या नम्र विनंतीपुढे कोर्टाचं समन्स मवाळ वाटतं. चाचणी परीक्षेत यातलं एक अक्षर येणार नाही, हे बाईंनाही माहीत आणि आम्हालाही. पण शाळेच्या तीन जणांच्या संघात मुलाची निवड झाली म्हटल्यावर बायकोने ती बातमी माहेरच्या, सासरच्या आणि सोसायटीच्या अशा तिन्ही ग्रुपवर टाकली आणि माघारीचे दोर कापले गेले.

दोष थोडा काळाचाही आहे. आमच्या लहानपणी रेडिओवर बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट लागायची. ती ऐकून आम्ही घरी बोर्नव्हिटाचा डबा मागायचो, ज्ञान नाही. पुढे २००० साली हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी रुपये जिंकला, आणि तोवर 'नुसत्या पाठांतराने पोट भरतं का?' असं विचारणारी मराठी घरं एका रात्रीत गप्प झाली.

बझर म्हणून चिरंजिवांनी आधी देवघरातली घंटा उचलली. ती इतकी वाजू लागली की आई म्हणाली, "अरे, देव सारखे दचकून उठताहेत." मग माळ्यावरच्या जुन्या सायकलची घंटी काढून सोफ्याच्या हातावर बसवण्यात आली. आधी दाबायचं, उत्तराचं नंतर बघू, हे या खेळाचं मूलतत्त्व मला त्याच सोफ्यावर शिकवलं गेलं.

"बाबा, प्रश्न पूर्ण ऐकला की तुम्ही हरलात. 'जगातील सर्वांत ल' एवढं झालं की हात घंटीवर. पुढे 'हान' आलं की लहान देश, व्हॅटिकन. 'लां' आलं की लांब भिंत, चीन."

"आणि नेमका तिथे क्विझमास्टरला खोकला आला तर?"

"तर रिस्क घ्यायची."

आमच्या घराण्यात रिस्क घ्यायची पद्धत नाही. मृग लागल्यावर छत्री न घेता कोपऱ्यावर दूध आणायला जाणं, इथपर्यंतच आमची झेप. तेव्हा हा गुण त्याच्या आईकडून आला असणार.

प्रश्न वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात ऑफिसमधून येऊन नुसता बसलेला माणूस मी एकटाच दिसतो. पीडीएफमधली नावं मात्र बसल्या जागी दम काढणारी. नेबुखदनेझर. ऊआगादुगु. दुसऱ्या मेहमेद सुलतानाने १४५३ साली कॉन्स्टँटिनोपल घेतलं, त्याला ५३ दिवस वेढा घालावा लागला. मला नुसता तो शब्द घ्यायला साधारण तेवढाच वेढा लागला, आणि माझ्याकडे तोफाही नव्हत्या.

"फ्रेंच राज्यक्रांती?" मी विचारायचो.

"१४ जुलै १७८९! बास्तीलचा तुरुंग फोडला!"

"आत कैदी किती होते?"

"सात!"

"राजा कोण?"

"सोळावा लुई!"

"शाब्बास. आता सांग, लोकांनी तुरुंग का फोडला?"

चिरंजिवांनी माझ्याकडे बघितलं. वडील म्हातारे व्हायला लागले की मुलं जशी बघतात, तसं. "बाबा, 'का' विचारत नाहीत. दहा सेकंदच असतात."

त्या लुईने १४ जुलैच्या पानावर आपल्या रोजनिशीत 'काही नाही' एवढंच लिहिलं होतं. म्हणजे शिकारीत त्या दिवशी काही मिळालं नव्हतं. चिरंजिवांच्या शाळेच्या डायरीत गणिताच्या गृहपाठापुढे हल्ली रोज तेच लिहिलेलं असतं, आणि लुईचं पुढे काय झालं हे मला पक्कं ठाऊक आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. घंटीचा आवाज फार होतो अशी तक्रार घेऊन ते एका संध्याकाळी खाली आले. तोंड उघडायच्या आत चिरंजिवांनी त्यांनाच पकडलं. "काका, शंभर वर्षांचं युद्ध किती वर्षं चाललं?"

"हा काय प्रश्न झाला? पांढरा घोडा कोणत्या रंगाचा असतो?"

"११६. इंग्लंड आणि फ्रान्स, १३३७ ते १४५३."

काका क्षणभर थांबले. मग सावकाश खुर्चीत बसत म्हणाले, "बरोबर आहे. मुद्दल शंभर, वर व्याज." तक्रार राहिली बाजूला, काका रोज येऊ लागले. जगाच्या इतिहासाचं ऑडिट आजवर कोणी केलेलंच नाही, अशी त्यांची खात्री पटली. रशियाने १८६७ साली अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकलं, म्हणजे एकरी साधारण दोन सेंट. हे ऐकून काकांनी आपल्या फ्लॅटचा कार्पेट एरिया मनातल्या मनात काढला आणि बराच वेळ ते बोलले नाहीत. १६६७ साली ब्रेडाच्या तहात डचांनी जायफळाचं रन नावाचं चिमुकलं बेट स्वतःकडे ठेवलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे राहू दिलं, हे कळल्यावर तर ते उठून उभेच राहिले. "तारणाचं मूल्यांकन कोणी केलं होतं? त्या अधिकाऱ्याला मेमो द्यायला हवा होता!"

"त्यात काय चुकलं?" बायको आतून म्हणाली. "श्रीखंडात जायफळ लागतं. मॅनहॅटन नाही लागत."

खरी रंगत आली ती ऑक्टोबर क्रांतीच्या संध्याकाळी. रशियातली ऑक्टोबर क्रांती कोणत्या महिन्यात झाली? उत्तर, नोव्हेंबर. काकांनी पीडीएफ मागून घेतली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आईने मात्र मान वर न करता निकाल दिला, "अधिक महिना आला असेल."

चिरंजिवांनी समजावलं, की रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि ते बाकीच्या जगापेक्षा १३ दिवस मागे होतं. तिकडचा २५ ऑक्टोबर १९१७ म्हणजे इतरांचा ७ नोव्हेंबर.

"मला नको शिकवूस," आई म्हणाली. "आमच्याकडे एकादश्या दोन-दोन येतात. एक स्मार्त, एक भागवत. कोणती धरायची ते घरातल्या मोठ्या बाईला विचारायचं. त्या लेनिनच्या घरी विचारायला कोणी नव्हतं का?"

इथे थांबायला हवं होतं. पण यश डोक्यात गेलेल्या चिरंजिवांनी पुढची फाईल उघडली. ब्रिटनने हेच कॅलेंडर १७५२ साली बदललं. २ सप्टेंबरच्या रात्री लोक झोपले आणि सकाळी उठले तेव्हा १४ सप्टेंबर होता.

"मधले अकरा दिवस?"

"गेले."

"गेले म्हणजे? तिथीचा क्षय होतो तो एखाद्या तिथीचा. एकदम अकरा?" आईने जपमाळ खाली ठेवली. हे गंभीर होतं. "आणि सप्टेंबर म्हणजे ऐन पितृपक्षाचे दिवस. त्या अकरात ज्यांच्या वडिलांचं श्राद्ध येत असेल त्यांनी काय करायचं?"

चिरंजिवांनी पीडीएफ वरपासून खालपर्यंत चाळली. त्यात हे नव्हतं.

"आणि भाडेकरूंनी त्या महिन्याचं भाडं पूर्ण दिलं का?" काकांनी विचारलं. तेही त्यात नव्हतं. शेवटी मीच तोडगा म्हणून सांगितलं, की त्या गोंधळामुळेच ब्रिटनचं करवर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. इंग्रजांनी दिवस बुडवले पण कर बुडू दिला नाही. आईचं समाधान मात्र झालं नाही. सर्वपित्री अमावास्येला सगळ्यांचं एकदम घालता येतं, हे इंग्रजांना कोणी सांगितलं नसेल, याची तिला अजून चुटपुट आहे.

मुंबई या सगळ्यात कशी आली ते सांगायचं राहिलं. पोर्तुगालच्या कॅथरीनचं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरलं आणि १६६१ च्या करारात मुंबई बेट हुंड्यात दिलं गेलं. चार्ल्सला त्याचं काय करावं ते कळेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. आमच्या सोसायटीत दुचाकीच्या पार्किंगला यापेक्षा जास्त पडतात.

"हुंडा घेणं गुन्हा आहे," बायको म्हणाली.

"कायदा कधी झाला?" मी विचारलं.

टिंग! "१९६१!"

"बघा, पुन्हा एकसष्ट," आई म्हणाली. "पण पानशेत काही घेणार नाहीत हे लोक."

कायदा तीनशे वर्षांनी आला, तोवर मुंबई देऊन झाली होती. चार्ल्सवर गुन्हा दाखल करता येईल का, यावर काकांनी वकील असलेल्या मेव्हण्याला फोन लावला. तो फोन पाऊण झांजिबार चालला.

झांजिबार हे आमच्या घरातलं कालमापनाचं एकक आहे. २७ ऑगस्ट १८९६ रोजी ब्रिटन आणि झांजिबार यांच्यात युद्ध झालं. दोन दिवस आधी तिथला सुलतान वारला होता आणि त्याचा चुलतभाऊ खालिद ब्रिटिशांना न विचारता गादीवर बसला होता. सकाळी नऊची मुदत संपली, नऊ वाजून दोन मिनिटांनी तोफा सुरू झाल्या, खालिदने जर्मन वकिलात गाठली आणि ३८ मिनिटांत युद्ध खलास. जगातलं सर्वांत कमी वेळ चाललेलं युद्ध म्हणून प्रत्येक प्रश्नमंजुषेत ते असतंच असतं. त्या ३८ मिनिटांत झांजिबारची पाचशेच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, हे मात्र कुठल्याही राउंडला विचारत नाहीत. असो. तर ३८ मिनिटं म्हणजे एक झांजिबार. बायकोचा बहिणीशी फोन, एक झांजिबार. घोडबंदर रोड, दोन झांजिबार. पावसाळ्यात मोजत नाही.

पीडीएफमध्ये प्राण्यांचाही एक विभाग होता. १८५९ साली अमेरिकेच्या हद्दीवरच्या सान हुआन बेटावर एका अमेरिकन शेतकऱ्याने बटाटे खाणारं इंग्रजी डुक्कर गोळी घालून मारलं आणि दोन्ही देशांचं सैन्य समोरासमोर येऊन ठाकलं. डुकराखेरीज कोणीही मेलं नाही. बेट कोणाचं हा वाद १८७२ साली जर्मन सम्राटाने मिटवला. आमच्या सोसायटीतला दोन नंबरच्या पार्किंगचा वाद त्याहून जुना वाटतो, पण आम्हाला अजून सम्राट मिळालेला नाही. आणि १९३२ साली ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने शेतात शिरणाऱ्या एमू पक्ष्यांवर मशिनगन घेऊन स्वारी केली, त्यात एमू जिंकले. कबुतरांच्या जाळीसाठी सोसायटीने वर्गणी काढली होती. हे ऐकल्यावर काकांनी ती परत केली.

असा सगळा दारूगोळा घेऊन आम्ही स्पर्धेच्या सभागृहात पोचलो. चिरंजीव, मी, बायको, आई, काका. इतर संघांकडेही साधारण असंच मनुष्यबळ होतं. स्पर्धक मोजके आणि पालक सभागृहभर, हे दृश्य बघून मला पूर्वीच्या फौजांबरोबर चालणाऱ्या बाजारबुणग्यांची आठवण झाली, पण ती मी मोठ्याने सांगितली नाही.

चिठ्ठ्या टाकून संघांना नावं दिली होती. चिरंजिवांबरोबर दोन मुली होत्या, इतक्या सालस की खुर्ची मागे सरकवतानाही 'सॉरी' म्हणत होत्या. त्यांच्या वाट्याला आलं चंगीझखान. शेजारी सहावीतली तीन पोरं, शर्टाची बटणं वरखाली लागलेली, ती क्लिओपात्रा. पलीकडे नेपोलियन, त्यात सभागृहातला सर्वांत उंच मुलगा. (खरा नेपोलियनही काही बुटका नव्हता. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा, म्हणून ५ फूट २ हा आकडा पसरला. आपल्या मापाने तो साडेपाच फुटांच्या वरच भरतो.) शेवटी सम्राट अशोक, ज्यांनी येतानाच कोणाच्या तरी पाण्याच्या बाटल्या पाडून कलिंग केलं होतं.

"सर, क्लिओपात्राला बाथरूमला जायचंय," हे त्या दिवशी माइकवरून ऐकू आलेलं पहिलं वाक्य.

मग दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने ज्योत टिकेना, म्हणून पंखे बंद केले. मग स्वागतगीत, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक. मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. "मी फार वेळ घेणार नाही," ते म्हणाले. चिरंजिवांनी व्यासपीठावरूनच माझ्याकडे बघून घड्याळावर बोट ठेवलं. पाहुण्यांचं भाषण दीड झांजिबार झालं. एका झांजिबारला खालिद पळून गेला होता, तेव्हा पाहुणे त्यांच्या स्वतःच्या शाळेतल्या दिवसांपर्यंत आले होते.

बझर अर्थातच चालेनात. चंगीझखानाने दाबलं की अशोकाचा दिवा लागायचा. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तो म्हणाला, "काल रात्री चालू होतं." आपल्याकडच्या प्रत्येक यंत्राच्या मृत्युलेखातलं हे पहिलं वाक्य. शेवटी कॅन्टीनमधून चार स्टीलच्या थाळ्या आणि चार डाव आले, आणि जगाच्या इतिहासातली सर्वांत मोठी साम्राज्यं थाळ्या बडवू लागली.

पण स्पर्धेचा खरा थरार व्यासपीठावर नव्हता, खाली होता. उत्तर सुचवायला बंदी असल्याने पालक खुणांवर उतरले. १७३९ साली ब्रिटन आणि स्पेन यांच्यात कोणत्या नावाचं युद्ध झालं, हा प्रश्न आला. रॉबर्ट जेन्किन्स नावाच्या कप्तानाचा कान स्पॅनिश पहारेकऱ्यांनी १७३१ साली कापला होता. ब्रिटिशांनी आठ वर्षं कानाडोळा केला आणि मग त्याच कानावरून युद्ध पुकारलं. जेन्किन्सच्या कानाचं युद्ध! अशोकाच्या आईला उत्तर येत होतं. त्या पहिल्या रांगेत बसून स्वतःचा कान जिवाच्या आकांताने ओढू लागल्या. क्विझमास्टरला वाटलं यांना ऐकू येत नाहीये. त्याने माइकचा आवाज वाढवला. स्पीकरने जी किंकाळी फोडली, तीत सगळ्यांचेच कान गेले. दुसरे एक वडील 'मॅग्ना कार्टा' सुचवण्यासाठी हवेत सही करून दाखवत होते. कॅन्टीनच्या पोऱ्याने त्यांना बिल आणून दिलं. शिवाय इंग्लंडच्या जॉन राजाने १२१५ साली त्या सनदेवर सही केलीच नव्हती, मोहोर लावली होती. म्हणजे खूण चुकली ती चुकली, वर भज्यांचे पैसे गेले.

चंगीझखान आघाडीवर होता. मग प्रश्न सुरू झाला, "जगातील पहिल्या महिला—" आणि डावाने थाळीवर असा घाव बसला की थाळीला खोक पडली.

"सिरिमावो भंडारनायके!" चिरंजीव. "श्रीलंका! १९६०!"

"—अंतराळवीर कोण?" क्विझमास्टरने शांतपणे वाक्य पूर्ण केलं.

वजा पाच. गागारिनवर इतके दिवस जोपासलेला मुलगा तेरेश्कोव्हापाशी बुडाला. "रिस्क," बायको पुटपुटली, आणि दोघांनीही एकमेकांच्या घराण्याकडे बघितलं.

शेवटच्या फेरीत तो प्रश्न आला. पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम कोणी पूर्ण केली? नेपोलियन म्हणाला, मॅगेलन. चंगीझखानातली एक सालस मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी सर, पण एल्कानो." क्विझमास्टरने हातातलं कार्ड बघितलं. "मॅगेलन बरोबर."

मुलगी पुन्हा 'सॉरी' म्हणून बसली. पालक उठले.

"अहो, मॅगेलन २७ एप्रिल १५२१ ला फिलिपिन्समध्ये मारला गेला! मेलेला माणूस प्रदक्षिणा पूर्ण कशी करेल?"

"कार्डावर मॅगेलन आहे."

"पाच जहाजं निघाली होती, परत आलं एक! त्यावर फक्त अठरा माणसं, आणि कप्तान एल्कानो! १५२२!"

"पण मोहीम कोणाची होती?" नेपोलियनचे वडील गरजले. "आयोजक म्हणून काही आहे की नाही?"

"नर्मदा परिक्रमा अर्ध्यावर सोडली तर झाली म्हणत नाहीत," आईने मागून स्पष्ट केलं.

काका उभे राहिले. सगळे थांबले, कारण बँकेतला माणूस उभा राहिला की लोकांना वाटतं व्याजदर सांगणार. "विषय सोपा आहे," काका म्हणाले. "मॅगेलन खातेदार. खातेदार मयत. एल्कानो नॉमिनी. रक्कम नॉमिनीला मिळते."

"कार्डावर—"

"स्पेनच्या राजाने एल्कानोला मानचिन्ह दिलं होतं! त्यावर पृथ्वीचा गोल होता आणि मला पहिली प्रदक्षिणा तूच घातलीस, असं कोरलं होतं!" कोणीतरी मोबाईल उंच धरून ओरडलं. पण राजाकडे कार्ड नव्हतं. नियमावलीत क्रमांक दोनलाच लिहिलं होतं, 'क्विझमास्टरचा निर्णय अंतिम राहील.' पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या दोन दर्यावर्दींसाठी ठाण्यातले सुशिक्षित लोक एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मी पाहिले. दोघांपैकी एकाचंही नाव त्यांनी महिन्यापूर्वी ऐकलं नव्हतं. हा वाद एक झांजिबार पूर्ण करून दुसऱ्यात शिरला.

दरम्यान व्यासपीठ रिकामं झालं होतं. चंगीझखान, क्लिओपात्रा, नेपोलियन आणि अशोक कॅन्टीनच्या पायरीवर बसून वडापाव खात होते. नेपोलियनकडे सुटे पैसे नव्हते, ते चंगीझखानाने दिले. क्लिओपात्राने हिरवी मिरची कोण अख्खी खाऊ शकतं यावर पैज लावली होती. त्यात सर्वांत पुढे अशोक होता.

निकाल लागला. नेपोलियन पहिला, आम्ही दुसरे. दोन्ही संघांना आयोजकांनी सामान्यज्ञानाचं एकेक जाड पुस्तक बक्षीस दिलं. काकांनी तिथल्या तिथे अनुक्रमणिका उघडली, बोट फिरवत पान काढलं आणि सभागृहात ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारा, हुआन सेबास्टियन एल्कानो." बंद व्हायला आलेला माइक पुन्हा सुरू करण्यात आला.

पुढच्या वर्षी ही स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी एक नम्र विनंती आहे. बझर मिळाले नाहीत तरी चालतील, थाळ्या बऱ्या आहेत. प्रमुख पाहुण्यांना अर्धा झांजिबार द्या. पालकांसाठी मात्र वेगळी खोली ठेवा, तिला बाहेरून कडी लावा, आणि चहा खिडकीतून आत द्या.